हिवाळी स्टीलहेड आणि फ्लाय फिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की सिएटल-पोर्टलंडकडच्या ओळखीच्या मंडळींचे मला तेच ते प्रश्न यायला लागतात. लहानपणी वाशिष्ठीत गळ टाकला होता, आता इथे नदीवर जावंसं वाटतं, सुरुवात कुठून करू? मीही त्यांच्यातलाच. गेली बारा वर्षं वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर हिवाळ्यात पाण्यात उभा राहतो आहे. दरवेळी नव्यानं लिहिण्यापेक्षा उत्तरं एकदाच मांडून ठेवतो. यातलं नियमांबद्दलचं काहीही दगडावरची रेघ समजू नका. इथले नियम हंगामाच्या मधेच बदलतात.

१. स्टीलहेड म्हणजे नक्की कुठला मासा? सॅमनच ना?

नाही. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, ऑन्कोरिंकस मायकिस. एकाच आईच्या पिल्लांपैकी काही आयुष्यभर नदीत राहतात आणि हातभर वाढतात. काही दोनेक वर्षांनी समुद्राकडे निघतात, उत्तर पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षं खाऊन-पिऊन आठ-दहा पौंडांचे होतात आणि जन्मल्या नदीत परततात. नदीतला भाऊ आणि दर्यावर्दी भाऊ म्हणा ना.

एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. त्यांच्या वर पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडलेल्या रेनबोंच्या वंशातली पिल्लं वाट मोकळी होताच समुद्राकडे निघाली. शंभर वर्षं कोंडूनही रक्तातली ओढ गेली नव्हती.

सॅमनशी मोठा फरक म्हणजे पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात. स्टीलहेड मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जाऊन पुन्हा येतात (पाहा प्रश्न १८).

२. ‘हिवाळी’ का म्हणतात? उन्हाळ्यात नसतो का?

असतो, पण तो वेगळ्या चालीचा. उन्हाळी स्टीलहेड मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान नदीत शिरतो. तेव्हा त्याची गाभोळी कच्ची असते आणि तो कित्येक महिने नदीतच काढतो. हिवाळी मासा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तयारीनं येतो आणि थोड्याच आठवड्यांत अंडी घालतो.

कोकणातल्या वाचकाला एका शब्दात सांगता येतं: चढणीचा मासा. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे शेतात चढतात, तसे हे पूर आला की समुद्रातून आत येतात. आपली चढण चार दिवसांची, यांची चार-पाच महिन्यांची.

३. चढताना तो खात नाही म्हणतात. मग गळाला लागतो कशाला?

पोटासाठी नाही, एवढं नक्की. कापलेल्या हॅचरी माशांची (मत्स्यबीज केंद्रात वाढवून नदीत सोडलेल्या) पोटं मी पाहिली आहेत, बहुतेक रिकामी. चिडून, जागा राखायला, की समुद्रातल्या खाण्याच्या सवयीनं, यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. माझं मत सवयीकडे झुकतं. रिकाम्या हातांना सुपारी कातरायची सवय असते ना, तसं काहीसं. व्यवहारात अर्थ एवढाच की त्याला भूक नाही हे धरून चला. फ्लाय (पिसं-केस बांधलेला गळ) त्याच्या नाकासमोरून सावकाश गेली पाहिजे, तो लांबून धावत येणार नाही.

४. कुठे जायचं?

माझं उत्तर एकतर्फी आहे: फोर्क्स गाव. सिएटलहून साधारण चार तास. तिथून सोल डक, बोगाचील, कलावा या नद्या जवळ. तिन्हींचं पाणी शेवटी क्विलायूटमधून समुद्राला मिळतं. दक्षिणेला ‘हो’ (Hoh) नावाची नदी, त्याखाली क्वीट्स आणि क्विनॉल्ट. ऑरेगनमध्ये नेहेलम, विल्सन, ट्रास्क, नेस्टक्का, सिलेट्झ. त्या लहान आहेत आणि पोर्टलंडहून दिवसात जाऊन येण्याजोग्या. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला स्मिथ आणि ईल.

नवशिक्यानं एकच नदी धरावी. दरवेळी नवी नदी म्हणजे दरवेळी पहिला दिवस.

५. लायसन्स कुठलं लागतं? नॅशनल पार्कात वेगळं का?

वॉशिंग्टनमध्ये राज्याचं गोड्या पाण्याचं लायसन्स आणि सोबत कॅच रेकॉर्ड कार्ड. ठेवलेला प्रत्येक स्टीलहेड त्या कार्डावर तिथल्या तिथे नोंदवायचा. ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या हद्दीतल्या नद्यांवर राज्याचं लायसन्स लागत नाही, पण स्टीलहेडसाठी कार्ड तिथेही लागतं आणि पार्कचे नियम स्वतंत्र असतात. मूळ निवासी राष्ट्रांच्या राखीव जमिनीवर त्यांचे नियम आणि त्यांची परवानगी. एकाच नदीवर तीन हद्दी लागू शकतात, म्हणून नकाशा पाहूनच उतरा. आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य खात्याचे तातडीचे नियमही पाहा. २०२२ साली १ मार्चपासून किनारी नद्या स्टीलहेडसाठी अचानक बंद केल्या होत्या. सुट्टी टाकून बसलेले कितीतरी जण घरी बसले.

६. आपल्या गरवण्यात (गळानं मासे धरण्यात) आणि फ्लाय फिशिंगमध्ये फरक काय? आणि रॉड दोन हातांचा कशाला?

गरवताना आमिष आणि शिसं जड असतं, ते फेकलं की तंगूस (नायलॉनचा दोरा) मागून जातो. इथे फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि केस बांधलेला गळ तो. म्हणून वजन लाइनला दिलेलं असतं. आपण लाइन फेकतो, फ्लाय तिच्यामागून जाते. सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप यातच आहे.

दोन हातांच्या रॉडचं कारण पाठीमागची झाडं. या नद्यांचे काठ म्हणजे शेवाळ लटकलेली घनदाट रानं. लाइन डोक्यावरून मागे न्यायला जागाच नसते. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर हीच अडचण होती, त्यातून स्पे कास्ट निघाला: लाइन मागे पूर्ण न नेता पाण्यावर टेकवायची, त्या पकडीच्या जोरावर रॉड वाकवायचा आणि पुढे सोडायची. साडेबारा ते साडेतेरा फुटांचा, सात किंवा आठ वजनी (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड पुरतो. एकहाती आठ वजनीवर सुरुवात केली तरी बिघडत नाही, खांदा दुखेल एवढंच. नवा सेट घेऊ नका. अर्धा हंगाम वापरून कंटाळलेल्या माणसाचा रॉड एप्रिलमध्ये स्वस्तात मिळतो.

७. स्कॅजिट, स्कँडी, टी-११, ग्रेन… डोक्यावरून जातं. सोपं करून सांगा.

लाइनचं पुढचं जाड तोंड म्हणजे हेड. स्कॅजिट हेड आखूड आणि जड, बुडणारी टिप (हेडच्या पुढे जोडायचा तुकडा) आणि मोठी फ्लाय उचलायला. हे नाव वॉशिंग्टनच्याच स्कॅजिट नदीचं. स्कँडी हेड लांबट आणि हलकं, वरच्या पाण्यासाठी. हिवाळ्यात स्कॅजिटच घ्या.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन, म्हणजे ५४० ग्रेनचं हेड ३५ ग्रॅमचं. सात-आठ वजनी रॉडवर ५०० ते ६०० च्या आसपासचं हेड बसतं, नेमका आकडा रॉड बनवणाऱ्यानं दिलेला असतो.

टी-११ म्हणजे फुटामागे ११ ग्रेन वजनाची बुडणारी टिप. टी-८ हलकी, टी-१४ जड. खिशात दोन ठेवा: दहा फूट टी-८ आणि दहा फूट टी-११. टिपच्या पुढे तीन-चार फूट तंगूस, बारा-पंधरा पौंडांचा. त्याहून लांब तंगूस लावला तर टिप बुडते आणि फ्लाय वर तरंगत राहते. ही चूक मी एक अख्खा जानेवारी केली.

८. कोणती फ्लाय बांधू?

खोके भरू नका. गढूळसर पाण्याला काळा-निळा इंट्रूडर, निवळ पाण्याला लहान जांभळी किंवा केशरी-गुलाबी फ्लाय, एवढ्यावर हंगाम निघतो. इंट्रूडर ही मोकळ्या पिसांची, बोटभर लांब, पाण्यात झुलणारी फ्लाय. एड वॉर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. तिचा गळ शेपटाकडे दोरीवर लोंबत असतो. लांब दांड्याच्या गळाला मासा तरफेसारखा वापरून सुटतो, लोंबत्या गळाला तसं करता येत नाही.

माझ्या मते रंगापेक्षा गळाची धार शंभरपट महत्त्वाची. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून हलकेच ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. दगडाला लागला की दरवेळी पाहा. उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, बहुतेक नद्यांवर तो नसणं सक्तीचं आहे.

९. नदी जायच्या लायकीची आहे का, हे घरबसल्या कसं कळतं?

हा खरा प्रश्न आहे. कास्टिंग शिकायला लोक क्लास लावतात, हे कोणी शिकत नाही.

पावसाळ्यात आपल्या पेपरात ‘कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग’ वाचतोच की. तोच क्युसेक इथे कामाला येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापकं नद्यांवर बसवलेली आहेत, हो नदीवर १०१ हायवेच्या पुलापाशी आहे. त्यांचा आलेख फोनवर थेट दिसतो. आकडा पाहू नका, आधी रेघेची दिशा पाहा. चढती रेघ म्हणजे ओंडके, पानं, चहासारखं पाणी. घरी राहा. उतरती रेघ म्हणजे गाडी काढा. तोच आकडा चढताना निरुपयोगी आणि उतरताना सोन्यासारखा असू शकतो. पूर ओसरताना मासा सरकत असतो आणि पाणी एका विशिष्ट हिरव्या रंगावर येतं. कच्च्या पेरूच्या सालीचा असतो तसा. मांडीभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक अंधूक दिसलं की समजायचं, जमलं.

नद्या सगळ्या एकाच वेळी निवळत नाहीत. माझ्या अनुभवात सोल डक आणि कलावा आधी, मग बोगाचील, शेवटी हो नदी. हो नदी हिमनद्यांतून येते, तिच्यात दगडाची पीठासारखी बारीक भुकटी असते आणि काठाला चिकणमाती ढासळते. मोठ्या पुरात ती दहा-वीस हजार क्युसेकच्या वर सहज जाते.

दुसरं, हवेचा अंदाज वाचताना बर्फाची उंची पाहा. फोर्क्सला वर्षाचा पाऊस शंभर इंचांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या तोडीचा किंवा थोडा जास्तच, फक्त तो ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये रिपरिपतो. गारठा असेल तर डोंगरावर तो बर्फ होऊन थांबतो आणि नदी उतरत राहते. हवाईकडून ऊबदार ढगांचा पट्टा आला, त्याला इथे ‘पाइनॅपल एक्सप्रेस’ म्हणतात, की पाऊस आणि वितळलेला बर्फ दोन्ही एकदम नदीत. मग चार-पाच दिवस विसरा.

१०. एवढ्या मोठ्या नदीत मासा असतो कुठे?

माणूस आरामात चालेल त्या वेगाच्या पाण्यात. गुडघ्याच्या वर ते छातीपर्यंत खोल, तळाला फुटबॉलएवढे किंवा मोठे दगड, वर पृष्ठभाग किंचित खडबडीत. जोराचा खळाळ चढून आलेला मासा त्याच्या लगेच वरच्या उतारावर, जिथे पाणी पातळ होत पुढच्या खळाळात शिरतं, तिथे दम खातो. डोहाच्या मध्यभागी, काळ्याभोर पाण्यात, सगळ्यांचे डोळे जातात. तिथे सहसा काही नसतं.

पाणी चढलेलं असेल तर मासा काठाला येतो. मी नव्या माणसाला पाण्यात उतरूच देत नाही. आधी काठावर उभं राहून दहा फूट लाइन, मग पंधरा, मग वीस. कंबरभर पाण्यात जाऊन लांब फेकणारे बहुधा माशाच्याच जागेवर उभे असतात.

थंडीत पाण्याचं तापमान ३ ते ७ अंश सेल्सियस. चारच्या खाली मासा जड होतो, तेव्हा आणखी संथ पाणी निवडा आणि दुपारची वाट पाहा. दुपारी पाणी अर्धा-एक अंश चढलं तरी फरक पडतो. पहाटे चारला उठण्याचा अट्टहास जानेवारीत फारसा फळत नाही.

११. स्विंग म्हणजे नेमकं काय करायचं?

फ्लाय प्रवाहाला आडवी टाकायची, किंचित खालच्या दिशेला. पडताच रॉड उचलून लाइनचा मधला भाग वरच्या अंगाला टाकायचा, त्याला मेंड म्हणतात. म्हणजे ओढ लाइनवर येत नाही आणि टिपला बुडायला वेळ मिळतो. मग लाइन ताणली जाते आणि फ्लाय झोक्यासारखी अर्धवर्तुळात तुमच्या काठाकडे सरकत येते. रॉडचं टोक खाली ठेवून तिच्यामागे फिरवा. सरळ खाली लोंबकळायला लागली की दहा आकडे मोजा, दोनदा हळूच ओढा. मग दोन पावलं खाली उतरून पुन्हा तेच.

एवढंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेतात नांगराच्या तासाशेजारी तास पडत जातं तसा नदीचा तळ आपण पट्ट्यापट्ट्यानं फिरतो. दोन पावलं न उतरता त्याच जागी वीस कास्ट करणारा माणूस तोच पट्टा वीसदा नांगरत असतो.

१२. वारा सुटला की लाइन अंगावर येते. कोणता कास्ट करू?

हे एकच पाठ करा: वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला लाइन टेकवा. वारा नदीच्या वरच्या दिशेला वाहत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी (हे स्पे कास्टचेच प्रकार), लाइन तुमच्या वरच्या अंगाला टेकते. वारा खालच्या दिशेला असेल तर डबल स्पे, लाइन खालच्या अंगाला. उलट केलंत तर गळ कानाशी येईल. गॉगल आणि टोपी यासाठीच.

१३. मासा ओढतो आणि लगेच सुटतो. काय चुकतंय?

तुम्ही झटका देता. आपल्याकडे गरीला हिसका देण्याची सवय हाडात मुरलेली असते, तीच इथे आड येते. स्टीलहेड मागून येऊन फ्लाय धरतो, तेव्हा तोंड तुमच्याकडे असतं. झटका दिलात की गळ उघड्या तोंडातून बाहेर. काही करू नका. त्याला वळून आपल्या जागेवर जाऊ द्या. लाइन सुटायला लागते, रीळ कुरकुरतं, आणि गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मग रॉड काठाच्या बाजूला आडवा झुकवा, वर नाही.

लिहायला सोपं. मी पहिले तीन मासे याच कारणानं घालवले आणि प्रत्येक वेळी शपथ घेतली. ओढ मिळून मासा लागला नाही तर चार पावलं वर जा, फ्लाय लहान करा, पुन्हा त्याच जागेवर या. पुष्कळदा तो तिथेच असतो. तरीही लागत नसेल तर प्रश्न ८ मधली नखाची परीक्षा करा.

१४. इंडिकेटर लावून बीड सोडली तर जास्त मासे मिळतात ना? ते फ्लाय फिशिंग नाही का?

मिळतात, आणि नियमात बसत असेल तर कुणी अडवणार नाही. तरंगत्या गोळ्याखाली माशाच्या अंड्यासारखा मणी सोडायचा, गोळा बुडाला की उचलायचा. फ्लाय रॉडनं केलेलं आपलं जुनं गरवणंच ते. मी करत नाही. कारण नैतिक वगैरे नाही, मला त्या गोळ्याकडे टक लावून बसायचा कंटाळा येतो.

१५. पोहता येत नाही. नदीत उतरणं कितपत धोक्याचं?

पोहता येत असलं तरी धोक्याचं. वेडर्स म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार, त्यावर खिळ्यांचे बूट, हातात काठी आणि कमरेला घट्ट पट्टा. पट्ट्याला पर्याय नाही.

माझ्या तिसऱ्या हंगामात बोगाचीलवर पट्टा गाडीत राहिला. परत कोण जाणार म्हणून उतरलो. गुडघाभरच पाणी होतं, पण खाली शेवाळलेला गोटा होता. बसलो. पाणी वरून आत शिरलं, पोटाला लागलं आणि श्वासच आत राहिला, बाहेर येईना. वीसेक पावलं वाहत गेलो, वाळूच्या पट्टीला लागलो. पायांत पाणी भरलेलं, उठताच येईना. विजारीतून पाणी काढायला पाठीवर झोपून पाय वर केले, उलट्या झुरळासारखा. रॉड गेला तो गेलाच. आता पट्टा, शिवाय फुगणारं लाइफजॅकेट, आणि गाडीत कोरड्या कपड्यांची पिशवी.

मार्चनंतर आणखी एक पथ्य. तळाच्या गोट्यांत ताट-परातीएवढे स्वच्छ, उजळ पट्टे दिसले की त्यावर पाय देऊ नका. मादीनं शेपटीनं खणून तिथे अंडी पुरलेली असतात.

१६. मासा खाता येतो का? हॅचरीचा आणि जंगली कसा ओळखायचा?

पाठीवर, शेपटीच्या जरा आधी, छोटा मांसल पर असतो. हॅचरीत पिल्लं सोडण्याआधी तो कापतात. पर नसला आणि त्या जागी भरलेला व्रण असला तर हॅचरीचा, हंगाम आणि नियम परवानगी देत असतील तर ठेवता येतो. पर असला तर जंगली. ऑलिम्पिक द्वीपकल्पावर २०१६ पासून जंगली मासा सोडावाच लागतो.

अडचण येते पर अर्धवट कापलेला असला की. हॅचरीत कात्री नीट लागली नाही की थोटूक उरतं. शंका आली की सोडा. आणखी एक, वॉशिंग्टनमध्ये २० इंचांच्या वरचा रेनबो स्टीलहेड धरला जातो, त्यामुळे ‘हा नदीतलाच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही.

बोगाचीलवरच्या हॅचरीचे मासे डिसेंबर-जानेवारीत येतात, जंगली फेब्रुवारी ते एप्रिल. ज्यांना ताटात मासा हवा त्यांनी नाताळाच्या आसपास जावं. हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर छान होतो, मात्र सुरमईसारखा घट्ट नाही, लवकर सुटतो.

१७. सोडायच्या आधी एक फोटो तरी?

काढा, मासा पाण्यातच ठेवून. वॉशिंग्टनच्या गोड्या पाण्यात जो स्टीलहेड सोडायचा आहे तो पूर्ण पाण्याबाहेर उचलणं बेकायदा आहे. हात ओले करा, शेपटीचा बुंधा धरा, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. कल्ल्यांना बोट नको. स्वतः निसटून जाईपर्यंत धरा. शून्याच्या आसपासच्या हवेत कल्ले उघडे पडले तर काय होईल, तुमचं ओलं बोट वाऱ्यात धरून पाहा.

१८. एप्रिलमध्ये लांबडा, खंगलेला मासा लागला. आजारी होता का? आणि दुसऱ्याला पांढरे ठिपके होते.

पहिला केल्ट, म्हणजे अंडी घालून समुद्राकडे परत निघालेला. डोकं मोठं, पोट आत, शेपटी झिजलेली. कधी तो परत चंदेरी झालेला असतो आणि ताज्या माशासारखा फसवतो. लवकर ओढून लगेच सोडा. पुढल्या खेपेला मोठी होऊन येईल अशी मादी असू शकते.

दुसरा बहुधा बुल ट्राउट. रेनबोला उजळ अंगावर काळे ठिपके, याला काळपट अंगावर फिके, आणि पाठीच्या परावर काळे ठिपके नाहीत. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत १९९९ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. हो नदीत नेहमी लागतो. सोडायचाच.

१९. आम्हाला जंगली मासा सोडायला लावतात आणि मूळ निवासी जाळी लावतात. हे कसं?

चिडून विचारला जाणारा प्रश्न. १८५० च्या दशकात या राष्ट्रांनी प्रचंड जमीन अमेरिकेला दिली, पण नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क करारात राखून ठेवला. तो हक्क त्यांना कुणी दान दिलेला नाही, त्यांचाच आहे. राज्यानं तो वर्षानुवर्षं मोडला. १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: धरण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा त्यांचा. सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये तो मुख्यतः कायम केला. क्विलायूट, हो, क्विनॉल्ट ही राष्ट्रं या नद्यांवर राज्याच्या बरोबरीनं व्यवस्थापन करतात.

मासे कमी झाले ते जंगलतोड, बुजलेले ओढे, बदलता समुद्र आणि आपल्या सगळ्यांच्या गळांमुळेही. प्युजेट साउंडचा स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त आहे. जाळ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं.

२०. नावेतून का जाऊ देत नाहीत?

नावेनं प्रवास करता येतो. नावेत बसून गळ टाकण्यावर डिसेंबर २०२० मध्ये किनारी नद्यांवर बंदी आली, आमिषावरही. नाव नदीचा प्रत्येक कोपरा गाठते, पायी माणूस नाही. माशांना थोड्या जागा मोकळ्या मिळाव्यात हा हेतू. पुढच्या हंगामांत तपशील बदलत गेले, म्हणून प्रश्न ५.

२१. सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला? (आईचा प्रश्न)

आईला मी अजून पटेल असं उत्तर दिलेलं नाही. वाळणकोंडाच्या पवित्र डोहात आपण महसीर माशांना चुरमुरे टाकतो आणि धरत नाही, हे तिला मान्य आहे. गळ टोचून सोडणं मान्य नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. नीट सोडलेल्यांतलेही काही मासे मरतात. म्हणून एक लागला की मी त्या दिवसापुरता गळ कापून ठेवतो आणि काठावर चहा पीत बसतो. हा नियम नाही, माझी तडजोड आहे.

२२. भारतात हे करता येईल का?

स्टीलहेड नाही. पण त्याचा नदीत राहणारा भाऊ, रेनबो ट्राउट, इंग्रजांनी आणला. निलगिरीत १९०७ च्या सुमारास तो रुजला, हिमाचल आणि मुन्नारलाही आहे. तीर्थनच्या खोऱ्यात परवाना काढून फ्लाय टाकता येते. महाराष्ट्रात आपला म्हणावा तो महसीर. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली. स्विंगचं तंत्र त्याच्यावर चालतं, हिवाळ्यापेक्षा पाणी ऊबदार असताना.

२३. माझ्या जागी आधीच कुणी उभं असेल तर?

ती तुमची जागा नाही. त्याच्या वरच्या अंगाला, बऱ्यापैकी अंतर ठेवून, विचारून उतरा आणि तो जसा खाली सरकेल तसे सरका. कुणाच्या खालच्या अंगाला शिरणं म्हणजे पंगतीत वाढप्याच्या पुढे जाऊन ताट धरणं. नदीवर भांडणं होतात ती यावरूनच.

२४. पहिला मासा किती दिवसांत मिळेल?

मला एकोणीस दिवस लागले, दोन हंगामांत मिळून. एका मैत्रिणीला पहिल्या दिवशी, जेवणाच्या आधी, आणि मग तीन वर्षं काही नाही. इथे म्हणतात की हजार कास्टला एक मासा. सरासरी म्हणून ते उदार आहे.

२५. फोर्क्सला शाकाहारी जेवण मिळतं का?

बटाटे मिळतात. घरून थालीपीठं न्या, गार झाली तरी चालतात आणि हातमोजे न काढता खाता येतात. थर्मासमध्ये आल्याचा चहा. फक्त केळी नेऊ नका. मासेमारांत केळं अपशकुनी मानतात. कुणी गाईड बरोबर असेल आणि पिशवीत केळं सापडलं तर दिवसभराच्या रिकाम्या हातांचं खापर तुमच्यावर फुटेल. शिकरण घरी खाऊन निघा.